वमनानंतरची पेज

पनवेलच्या वडाळे तळ्याकाठच्या एका देवळाच्या सभामंडपात रोज पहाटे साडेपाचला सतरंज्या अंथरल्या जात, आणि त्या अंथरण्याचा मान सुमतीबाई आठल्ये यांनी कधी दुसऱ्या कोणाला दिला नाही. तीस वर्षे मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून १९८९ साली त्या निवृत्त झाल्या आणि निरोपसमारंभाच्या दुसऱ्याच पहाटे, जणू शाळेतला एक तास संपून दुसरा लागावा इतक्या सहजतेने, त्यांनी योगासनांचा वर्ग सुरू केला. अविवाहित, कृश, ताठ कण्याच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या सुमतीबाई बोलत कमी. पण त्यांनी ‘श्वास’ म्हटले की मंडपातली चाळीस माणसे एकदम श्वास घेत.

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. वडील पनवेलातले जुन्या परंपरेचे वैद्य. रुग्णाची नाडी पाहताना डोळे मिटून घेत आणि उघडेपर्यंत घरात कोणी भांडे वाजवत नसे. त्यांच्या पायाशी बसून सुमतीबाईंनी लहानपणी जे ऐकले, ते त्या आपल्या परीने वर्गाला देत. त्यात रविवारच्या वमनधौतीला विशेष मान होता. अनशापोटी कोमट खारट पाणी प्यायचे आणि तेच उलटून टाकायचे, अशी ही जुनी क्रिया. मुंबईच्या कचेऱ्यांत नोकऱ्या करून वेळी-अवेळी जेवणाऱ्या, छातीत जळजळ घेऊन घरी परतणाऱ्या कारकूनमंडळींना तिने आराम पडे. ‘बाईंनी पित्त घालवलं’ हे वाक्य जुन्या पनवेलात अनेक ओट्यांवर ऐकू येई, आणि ते कानावर आले की सुमतीबाई वरकरणी दुर्लक्ष करीत, पण त्या दिवशी त्यांची पावले किंचित हलकी पडत.

१९९२ साली त्यांचा धाकटा भाऊ कमलाकर याची बँकेने नागपूरला बदली केली. मुलीचे कॉलेज मध्येच तोडू नये म्हणून सतरा वर्षांची आभा आत्याकडे राहायला आली. पोर हुशार, गोल चेहऱ्याची, हसरी. सहा महिन्यांत ती वर्गातली सर्वांत लवचीक विद्यार्थिनी झाली, वर्षभरात तालुक्याच्या योगासन-स्पर्धेत पहिली आली, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करीत असताना मयूरासनात तिचे पाय जरा खाली झुकले, तेव्हा सुमतीबाई सहज म्हणाल्या, “पोट जड आहे गं. इथे देह पिसासारखा हवा.”

हे वाक्य बोलून त्या विसरल्या. आभा विसरली नाही. त्याच आठवड्यात तिने आपण होऊन वमनधौती शिकवण्याची विनंती केली, आणि सुमतीबाईंनी मोठ्या समाधानाने ती शिकवली. रविवारची क्रिया आभा रोज करू लागली, तेव्हा अतिरेक नको असे आत्याने एकदा सुचवले खरे. पण त्या सुचवण्यात अभिमानच अधिक होता. तरुण पोरी आरशापुढे वेळ घालवतात, आपली पोर शुद्धिक्रिया करते, असे त्यांनी शेजारणीला सांगितले. न्हाणीघरातून येणारा तो आवाज त्या घरात देवपूजेच्या घंटेइतका परिचयाचा झाला. त्याचे कारण कोणी विचारीना, कारण ते सर्वांना ठाऊक होते.

आता या घरातले तिसरे माणूस. सुकापूरहून रोज चालत येऊन गोदूबाई सुमतीबाईंची धुणीभांडी करीत असे. पंधरा वर्षांत तिने एक दिवस न सांगता खाडा केला नव्हता. सुमतीबाईंच्या सोवळेपणाची ती तोंडावर थट्टा करी आणि सुमतीबाई ती ऐकून घेत; एवढा अधिकार त्या घरात आणखी कोणालाच नव्हता.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर घरात एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. बेसनाच्या लाडवांचा डबा तीन दिवसांत रिता झाला. मग शंकरपाळ्या गेल्या. पोळ्यांच्या दुरडीतल्या पोळ्या कमी भरू लागल्या, गूळ खाली गेला, एका दुपारी तर साखरांब्याची बरणी तळाला लागलेली आढळली. आभाकडे संशय जाण्याचे कारणच नव्हते. ती ताटावर चिमणीसारखी जेवे, तेही आत्याने आग्रह केला तर. सुमतीबाईंनी कोणाला काही विचारले नाही. त्यांनी फडताळाला एक लहान कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

गोदूबाईने ते कुलूप पाहिले. पुढचे दोन दिवस ती काम उरकून तशीच निघून गेली. तिसऱ्या दिवशी भांडी पालथी घालून झाल्यावर हात पुसत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

“बाई, एक सांगू? राग आला तरी सांगनार हाय.”

“सांग.”

“पोरगी पानी नाय ओकत. जेवन ओकते. मोरी तुमी नाय धुवत, मी धुते.”

सुमतीबाईंच्या मनात त्या क्षणी जे आले, ते पुढे आयुष्यभर त्यांना टोचत राहिले. त्यांना वाटले, कुलूप लावले म्हणून ही बाई पोरीवर ढकलते आहे. त्या थंडपणे म्हणाल्या की शास्त्रातल्या क्रियेविषयी जिला माहिती नाही तिने बोलू नये. गोदूबाईने पदर कमरेला खोचला. “शास्त्र तुमच्याकडं राहू द्या. शितां मला दिसतात,” एवढे म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. पण थट्टा बंद झाली, आणि ती बंद झाल्यावर घर किती मुके आहे हे सुमतीबाईंना कळले.

माघात आभाचे दात शिवशिवू लागले. गार पाण्याचा घोट घेतला की ती डोळे घट्ट मिटून घेई. नवीन पनवेलात नीता परुळेकर नावाच्या सुमतीबाईंच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने दंतवैद्यकाचा व्यवसाय सुरू केला होता. तिथे त्या आभाला घेऊन गेल्या. नीताने लहान आरसा तोंडात धरून बराच वेळ पाहिले. मग तिने आभाचा उजवा हात सहज हातात घेतला आणि बोटांच्या पेरांवरचे, दात लागून उठलेले जुने ओरखडे पाहिले. जबड्याच्या दोन्ही बाजूंना बोटे दाबली. शेजारपाजारच्या बायका ‘आता कसे गाल भरलेत’ म्हणून ज्यांचे कौतुक करीत, त्या लाळेच्या सुजलेल्या ग्रंथी होत्या. आभाला बाहेर बसायला सांगून तिने विचारले, “बाई, हिला आंबट फार लागतं का? चिंच, कैऱ्या, लिंबू?”

“मुळीच नाही.”

“वरच्या दातांची फक्त मागची बाजू झिजली आहे. खाण्यातल्या आंबटानं पुढची बाजूही झिजते. हे अॅसिड आतून येतंय, पोटातून.”

सुमतीबाईंना हायसे वाटले, कारण उत्तर त्यांच्यापाशी होते. त्या म्हणाल्या, “ती रोज वमनधौती करते. मीच शिकवली आहे.”

नीता थोडी थांबली. शाळेत चुकीचे उत्तर दिल्यावर बाई स्वतः जशा थांबत, तशीच. “रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याची ना? तुमच्या वर्गातले तीन काका माझे पेशंट आहेत, बाई. पाच-पाच वर्षं करतात. त्यांच्यापैकी कोणाचेच दात असे नाहीत.”

आणखी तिने काही सांगितले नाही. इतकेच म्हणाली, की उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, त्याने मऊ पडलेला थर आणखी निघतो, साध्या पाण्याने चूळ भरावी; आणि मोठ्या डॉक्टरांना आजच दाखवावे, रक्त तपासावे, उद्यावर ढकलू नये.

दोघी घरी परतल्या. सुमतीबाईंनी पायांवर पाणी घेतले, देवापुढे क्षणभर उभ्या राहिल्या, मग कनवटीची किल्ली काढून फडताळाचे कुलूप उघडले आणि कुलूप-किल्ली दोन्ही पाटावर ठेवली. त्यांच्याआधी आभाच बोलली.

“आत्या, लाडू गोदूबाईंनी नाही घेतले.”

हे एक वाक्य बाहेर पडले आणि मागचे सारे त्याच्यापाठोपाठ आले. सकाळपासून दुपारपर्यंत ती पोटात काही जाऊ देत नसे. आत्या दुपारी देवळात पोथीला गेली की भूक अशी उसळे की फडताळापुढे उभ्या उभ्याच, हाताला लागेल ते, चव न घेता, ती खात सुटे. मग भीती. मग न्हाणीघर. मग उद्यापासून असे नाही, अशी शपथ. आणि त्या शपथेसाठी पुन्हा उपास. पाण्याची क्रिया पहिले दोन महिनेच होती. छातीत मध्येच ठोका चुकल्यासारखे होई, पायांत गोळे येत, पाळी चार चार महिने लांबे. हे सर्व साधनेचे श्रम आहेत असे तिने स्वतःला पटवले होते.

“मला वाटायचं, मी धौतीच करतेय,” ती म्हणाली. “फक्त वेळ बदललीय.”

सुमतीबाईंनी तिला जवळ घेतले. त्यांना कोणाला जवळ घेण्याची सवय नव्हती. हात कुठे ठेवावा हे क्षणभर कळेना, शेवटी तो तिच्या मस्तकावर राहिला, आशीर्वाद देताना राहतो तसा.

रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम फार उतरलेले निघाले. पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या क्षाराच्या उतारामुळे हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी मुलगी उभ्या जागी कोसळू शकते. चार दिवस दवाखान्यात ठेवून त्यांनी ते भरून काढले आणि पुढच्या उपचारासाठी मुंबईच्या एका रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

चिठ्ठीवरची ‘मानसोपचार’ ही अक्षरे वाचून नागपूरहून धावत आलेला कमलाकर खचला. तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. ताईने तिला नागपूरला पाठवावे, तिथे आई लक्ष ठेवील, आणि कोणी विचारलेच तर पित्ताचा त्रास म्हणून सांगू, मुलीचा प्रश्न आहे, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

“तेच सांगत दोन वर्षं गेली, कमलाकर,” सुमतीबाई म्हणाल्या. “आता खरं नाव सांगायचं. जे असेल ते.”

खरे नाव मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले: बुलिमिया नर्व्होसा. पहिला शब्द ग्रीक, अर्थ बैलाची भूक. सुमतीबाईंना जुन्या ग्रंथांतला भस्मक रोग आठवला, ज्यात जठराग्नी खाल्लेले सारे जाळून टाकतो. पण तो इथे लागू पडेना. तिथे अन्न जळते, इथे अन्नाचे भय वाटते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि मग साध्या शब्दांत चक्र समजावले. उपाशी राहिले की शरीर घाबरते आणि एकदम मागते; मागितले की मन घाबरते आणि बाहेर टाकते; टाकले की पुन्हा उपास. हा आळस नव्हे, चोरटेपणा नव्हे, दुबळ्या मनाचे लक्षणही नव्हे. अशी मुले वजनाने चारचौघांसारखीच दिसतात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. एक गोळी बराच काळ घ्यावी लागेल, दर आठवड्याला येऊन बोलावे लागेल, रक्त तपासत राहावे लागेल. स्पर्धा तूर्त बंद, ती क्रिया कायमची बंद. आणि मुख्य म्हणजे घड्याळाप्रमाणे खायचे, भूक असो वा नसो; तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा थोडेसे. जेवणानंतर एक तास एकटे राहायचे नाही.

“बरी होईल का?” सुमतीबाईंनी विचारले.

“पुष्कळ जणी होतात. सरळ रेषेत नाही होत. घसरली तर सांगायला आली पाहिजे, एवढं घर तिला द्या.”

परतीच्या एसटीत आभा खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. कळंबोलीच्या सुमारास, खिडकीबाहेर ट्रकच्या रांगा सरकत असताना, सुमतीबाईंना वडिलांच्या मागून चाललेली आठ वर्षांची आपण दिसली. वडिलांच्या हातात पितळेचे झाकणाचे भांडे, आपल्या हातात पळी. वडील वमन द्यायचे ते क्वचित, ऋतू पाहून, माणूस पाहून, आणि दिल्यानंतर सात दिवस रोज स्वतः त्या रुग्णाच्या घरी जायचे. पहिल्या दिवशी नुसती पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचे कढण, आधी बिनमिठाचे, नंतर तुपाची फोडणी दिलेले, आणि मग कुठे भात. ग्रंथांत त्याला संसर्जन क्रम म्हणतात: शमलेल्या अग्नीला एकेक काडी घालून पुन्हा पेटते करण्याची रीत. वडील म्हणत, की रिते करणे घटकाभराचे काम, भरण्याला सात दिवस बसावे लागते. सुमतीबाईंनी चाळीस माणसांना रिते व्हायला शिकवले होते. ते भांडे घेऊन त्या कोणाच्या दारी गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई आली तेव्हा सुमतीबाई तिच्या वाटेकडे डोळे लावून ओट्यावर उभ्या होत्या. क्षमा मागण्यासाठी त्यांनी मनात एक शुद्ध, सुघटित वाक्य रचून ठेवले होते. ते अर्ध्यावर मोडले. “मी तुझ्यावर संशय घेतला, गोदूबाई,” एवढेच निघाले.

गोदूबाईने चप्पल काढली, कोपऱ्यात नीट लावली. “घेतलात. ठाऊक हाय मला. पोर कशी हाय ते सांगा.”

मग सुमतीबाईंनी विचारले की तुझ्या घरी लाल तांदूळ आहेत का. संध्याकाळी गोदूबाई स्वतःच्या शेतातला तांदूळ फडक्यात बांधून घेऊन आली, आणि शास्त्रातली पेया कशी करावी याचे सुमतीबाईंचे निरूपण चालू असतानाच तिने आधण ठेवलेसुद्धा. “आमी पेज रोज पितो, बाई,” ती म्हणाली, “नाव ठाऊक नव्हतं एवढंच.” कित्येक आठवड्यांतली ती पहिली थट्टा होती.

डॉक्टरीणबाईंनी दिलेले वेळापत्रक आणि वडिलांचा क्रम यांची सुमतीबाईंनी अशी सांगड घातली, की औषध आणि वेळा मुंबईच्या, रीत घरची. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, की पेजेने सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. भीती वाटते तेच पदार्थ एकेक करून ताटात आले पाहिजेत. सकाळी आठला पेज, अकराला केळे, एकला जेवण, चारला काहीतरी, आठला जेवण. पहिले दिवस कठीण गेले. आभा वाटीकडे अशी बघत बसे की जणू ती विहीर आहे. सुमतीबाई समोर बसून स्वतः जेवत. आग्रह करीत नसत, उठतही नसत. जेवण झाले की दोघी तळ्याकाठी शतपावली घालायला निघत, शंभर पावलांची पाचशे, हजार होत, तो कठीण तास सरेपर्यंत. दुपारची पोथी सुमतीबाईंनी सोडली. पोथी सांगणाऱ्या पुराणिकबुवांनी कारण विचारले तेव्हा घरी पारायण सुरू आहे असे त्यांनी सांगितले, आणि ते त्यांना खोटे वाटले नाही.

उरला वर्ग. आभाला विचारून, तिचे नाव न घेता, एका रविवारी त्यांनी सांगितले की वमनधौती यापुढे इथे शिकवली जाणार नाही. ती एका मुलीला बाधली, आजाराला तिच्या आड लपता आले, आणि शिकवणाऱ्या बाईच्या ते ध्यानात आले नाही. मंडपात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले, कचेरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध कारकून जरा दुखावूनच म्हणाले, “म्हणजे बाई, शास्त्र खोटं म्हणायचं?”

“शास्त्र खोटं नाही. मी अर्धं शिकवलं.”

मागच्या रांगेत आभा मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली आणि आत्याकडे पाहिले. पासष्टीला टेकलेल्या त्या ताठ बाईने चाळीस माणसांपुढे आपली चूक उच्चारली होती आणि काहीही कोसळले नव्हते. समोरची माणसे सतरंज्यांवर तशीच बसून पुढच्या सूचनेची वाट पाहत होती.

घसरणे झाले. एप्रिलात परीक्षेच्या दिवसांत एकदा, जूनमध्ये दोनदा. एप्रिलातले आत्याला चेहऱ्यावरून कळले. जूनमधले आभाने स्वतः सांगितले, तळ्याच्या काठी, चालता चालता.

“आत्या, काल दुपारी झालं.”

सुमतीबाईंची पावले थांबली नाहीत. “आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी आठला जेवले. वेळेवर.”

“मग आज अकराला केळं की चिकू?”

“चिकू,” ती म्हणाली.

पंच्याण्णवची दिवाळी आली तोवर रक्ताचे आकडे सात महिने जागेवर होते, पाळी नियमित झाली होती, नीताने झिजलेल्या दातांवर लेप चढवला होता. झिजले ते पुन्हा उगवणार नाही, उरले ते मात्र राहील, असे तिने सांगितले होते. राज्यस्पर्धेसाठी आलेले पत्र आभाने स्वतःच ‘यंदा नाही’ असे लिहून परत पाठवले. एक पदार्थ मात्र अजून ताटात आला नव्हता. मुंबईच्या बाईंनी घाई केली नव्हती, आत्याने नाव काढले नव्हते.

धनत्रयोदशीच्या सकाळी आभाच म्हणाली, बेसनाचे लाडू करू या. तिने स्वतः बेसन भाजले. तासभर मंद आंचेवर ती कढईपाशी उभी होती. खमंग वास घरभर पसरला तेव्हा तिचा हात एकदा थबकला, मग पुन्हा हलू लागला. लाडू वळून झाले. डबा भरून तिने फडताळाच्या उघड्या फळीवर ठेवला. घड्याळात चार वाजले. तिने तीन बशा काढल्या, प्रत्येकीत एकेक लाडू ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आत्या आणि गोदूबाई यांच्यामध्ये बसली.

सुमतीबाईंनी आपला लाडू मोडला. आपण तिच्याकडे बघत नाही असे दाखवणे त्यांना जमले नाही. आभाने लहान तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा. भुवया किंचित आकसल्या.

“वेलदोडा कमी पडलाय,” ती म्हणाली.

आजार लागल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या लाडवाची चव घेतली होती, हे सुमतीबाईंना उमगले आणि त्यांनी घाईने मान फिरवली.

गोदूबाईने आपला लाडू केव्हाच संपवला होता. ती हात झटकत फळीवरच्या कोपऱ्याकडे पाहत होती, तिथे ते लहान कुलूप माघापासून धूळ खात पडले होते. “बाई, त्या कुलपाचं काय करनार हाव?” तिने विचारले. “लागत नसंल तर मला द्या. खुराड्याला लावते. माज्या कोंबड्या चोर हायेत, तुमच्यासारख्याच.”

आभा हसली. तोंडात लाडू असताना हसल्याने तिला ठसका लागला, आत्याने पाणी दिले, ते गार होते आणि तरी ती डोळे न मिटता प्यायली. पाच वाजेपर्यंत तिघी तिथेच बसल्या होत्या. गोदूबाई सुकापुरातल्या एका लग्नाची हकिकत सांगत होती, ती फार लांबली आणि कोणी ती तोडली नाही. पाच वाजले, मग सव्वापाच. आभा उठली, न्हाणीघराच्या दारावरून पुढे गेली आणि अंगणात रांगोळीचा डबा घेऊन बसली.